शेड धुतो, औषध मारतो, तरी गमबोरो परत परत येतोय. कुठे चुकतंय?

घोटीचा शेडवाला | १८ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

घोटीपासून आठ किलोमीटरवर आमचं शेड आहे. दोनशे फूट लांब, अठ्ठावीस फूट रुंद, पाच हजार पक्षी. करारावर ब्रॉयलर करतो. पिल्लं, खाद्य, लस कंपनीची. शेड, तूस, वीज, मजुरी माझी. सहा वर्षं झाली. पहिली पाच वर्षं बॅचला दीड-दोनशेच्या वर मर गेली नाही. गेल्या तीन बॅचेस मात्र चोविसाव्या-पंचविसाव्या दिवशी घात होतोय. सकाळी पडदा वर करून आत गेलो की पक्षी पिसं फुगवून, माना खाली घालून कोपऱ्यात गोळा झालेले. पांढरी पातळ विष्ठा, शेपटीखाली चिकटलेली. दोन दिवसांत मर चढते, पाच-सहा दिवसांत उतरते, तोवर व्हायचं ते नुकसान झालेलं असतं. मागच्या बॅचला २९० गेले, या वेळी ४१०. तालुक्याच्या डॉक्टरांनी मेलेला पक्षी उघडून दाखवला. गुदद्वाराजवळची ती बर्साची पिशवी सुजलेली, वरून पिवळट जेलीसारखा थर, मांड्यांवर रक्ताचे ठिपके. म्हणाले गमबोरो, पिल्लांना होणारा विषाणूचा रोग.

आता माझं म्हणणं ऐका. मी स्वच्छतेला कमी करत नाही. माल उचलला की खत काढतो, शेड झाडतो. मग पाण्यात धुण्याची पावडर आणि बीकेसी हे जंतुनाशक एकत्र टाकून फवारतो, म्हणजे धुणं आणि निर्जंतुक करणं एकदमच होतं. वरून चुन्याची फक्की. दाराशी पाय बुडवायला औषधाचं पाणी ठेवलंय. पिण्याच्या टाकीत रोज ब्लिचिंग पावडर. बॅचला औषधावरच अडीच-तीन हजार जातात. या वेळी डोस दुप्पट केला आणि मर वाढली. काल माल गेलाय, शेड रिकामं आहे. पुढची पिल्लं टाकायच्या आधी जाणकारांनी सांगावं, अजून कोणतं कडक औषध आहे?

---

तरुण_ब्रॉयलर | १८ जुलै, रात्री १०.०५

दादा, फॉर्मलिन आणि पोटॅशियम परमँगनेटचा धूर द्या. बाकी सगळं बाजूला ठेवा. आमच्याकडे सगळे तेच करतात.

---

जनावरांचा डॉक्टर | १८ जुलै, रात्री ११.२०

औषध सुचवण्याआधी काही विचारतो. नीट आठवून लिहा.

एक, पाठीवरच्या पंपाचे किती पंप मारता संपूर्ण शेडला? दोन, जमीन कोब्याची आहे की मातीची, भेगा आहेत का? तीन, खत कुठे टाकता? चार, माल गेल्यापासून पिल्लं येईपर्यंत किती दिवस मिळतात? पाच, धुतल्यावर शेड वाळतं का? तुमच्याकडे जुलैत घाटातला पाऊस असतो म्हणून मुद्दाम विचारतोय.

फॉर्मलिनच्या धुराचं नंतर बोलू. तोवर कृपया कोणी करू नका.

---

घोटीचा शेडवाला | १९ जुलै, सकाळी ६.१५

डॉक्टर, सोळा लिटरचा पंप आहे. चार पंप होतात, कधी पाच.

कोबा आहे. मधल्या ओळीत आणि भिंतीच्या कडेला भेगा गेल्यात. खत शेडमागे तीस-चाळीस फुटांवर ढीग लावतो, व्यापारी आला की उचलतो. कधी महिना लागतो. दिवस म्हणाल तर नऊ-दहा. सुपरवायझरचा फोन येतो, पिल्लं तयार आहेत, उद्या टाकायची का. वाळण्याचं काय सांगू, इथे आठ आठ दिवस ऊन दिसत नाही. ओलसर असतानाच तूस पसरतो.

---

जनावरांचा डॉक्टर | १९ जुलै, दुपारी २.३०

बरं झालं इतकं मोकळेपणाने लिहिलंत. आता सविस्तर लिहितो.

तुमचं सगळ्यात मोठं नुकसान त्या ‘एकदमच’ने केलंय. बीकेसी म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइड. ते क्वाट, म्हणजे क्वाटर्नरी अमोनियम गटातलं, त्याच्या कणावर धन भार. धुण्याच्या पावडरीतल्या साबणाचा भार ऋण. दोन्ही एका बादलीत टाकले की ते एकमेकांना धरून बसतात. फेस दिसतो, वास येतो, पण ना धड धुतलं जातं ना धड जंतू मरतात. डोस दुप्पट केलात तरी पावडर तशीच राहिली, म्हणून फरक पडला नाही. त्यात बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर क्वाट आणखी दुबळं पडतं.

दुसरं, गमबोरोचा विषाणू मुळात चिवट. मानमोडी म्हणजे राणीखेत, बर्ड फ्लू, आयबी (श्वासनलिकेचा रोग) या विषाणूंवर बाहेरून चरबीचं आवरण असतं. साबणाने, क्वाटने ते आवरण फाटतं आणि विषाणू संपतो. गमबोरोला ते आवरणच नाही. नुसतं बीकेसी त्याला फारसं लागत नाही. त्याच्यासाठी ग्लुटराल्डिहाइड असलेलं मिश्रण, किंवा पेरॉक्सिमोनोसल्फेटची पावडर, किंवा स्वच्छ पृष्ठभागावर क्लोरीन. आणि यातलं कुठलंही विष्ठेच्या थरावर मारलं तर औषध विष्ठेवरच खर्च होतं. क्लोरीन तर सगळ्यात आधी. कोब्यावर हात फिरवा. बोटाला चिकट, बुळबुळीत लागलं तर औषधाची वेळ अजून आलेली नाही.

तिसरं, हिशेब. २०० गुणिले २८ म्हणजे ५६०० चौरस फूट, साधारण ५२० चौरस मीटर. पृष्ठभाग नीट भिजायला चौरस मीटरला ३०० मिली द्रावण लागतं. म्हणजे नुसत्या जमिनीला १५५ लिटर, तुमचे दहा पंप. भिंती, जाळी, खांब, पत्र्याची आतली बाजू धरली तर वीस-बावीस. तुम्ही चार मारताय. औषध कडक हवं असं नाही, भरपूर पाण्यातून, लेबलवरच्या प्रमाणात हवं. आणि पृष्ठभाग निदान अर्धा तास ओला राहिला पाहिजे. फवारल्यावर दोन मिनिटांत सुकलं की जंतू भिजलेच नाहीत.

एक सांगून ठेवतो. धाग्यावरून रोगनिदान होत नाही. यापुढे मर लागली तर ताजे मेलेले दोन-तीन पक्षी बर्फात घालून पुण्याला औंधच्या रोगनिदान प्रयोगशाळेत पाठवा. तालुक्याचा दवाखाना पत्र देतो. एकच रोग आहे की मागे ई-कोलाय, कॉक्सीही (आतड्यातल्या परजीवीची रक्ती हगवण) आहे ते कळेल.

---

मिरजेची लेयरवाली | १९ जुलै, संध्याकाळी ७.५०

डॉक्टरांनी शेडचं सांगितलं, मी पाण्याचं विचारते.

भाऊ, तुम्ही लिहिलंय टाकीत रोज ब्लिचिंग टाकता. रोज म्हणजे लसीच्या दिवशीसुद्धा? गमबोरोची लस चौदाव्या दिवसाच्या आसपास पाण्यातूनच देत असाल ना? ती जिवंत लस असते हो. क्लोरीनच्या पाण्यात घातली की बाटली उघडून गटारात ओतल्यासारखं आहे.

---

घोटीचा शेडवाला | १९ जुलै, रात्री ८.१०

ताई, तुमचा प्रतिसाद वाचला आणि ताटावरून उठून टाकीपाशी गेलो.

हो. लसीच्या दिवशीही. सुपरवायझर बर्फाच्या डब्यातून लस आणतो, ड्रममध्ये मिसळतो, पण ड्रम भरतो आपण आपल्याच टाकीतून. त्याने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. दोन हजार लिटरची टाकी, रोज सकाळी एक मूठ पावडर. ब्लिचिंगचा हा उद्योग मी मागच्या वर्षी दिवाळीनंतर सुरू केला, पक्ष्यांना हगवण लागली होती म्हणून. मर त्यानंतरच्या बॅचपासून लागली. मी मुद्दाम वहीत तारखा बघून लिहितोय.

चांगलं करायला गेलो आणि लसच मारत बसलो. डोक्यात तेच फिरतंय.

---

मिरजेची लेयरवाली | १९ जुलै, रात्री ९.३०

भाऊ, मनाला लावून घेऊ नका. आम्हीही एकदा कूपनलिकेला क्लोरीनचा डोसर बसवला आणि लासोटाच्या, म्हणजे राणीखेतच्या लसीच्या दिवशी बंद करायचा विसरलो होतो. तेव्हापासून डोसरवरच लसीचं वेळापत्रक चिकटवलंय.

माझी पद्धत सांगते. लसीच्या आधी दोन दिवस क्लोरीन बंद. लसीच्या पाण्यात लिटरला अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळून वीस मिनिटं थांबायचं, उरलंसुरलं क्लोरीन ती खाऊन टाकते. मग लस. पाणी किती, तर हजार पक्ष्यांना वयाचे दिवस तितके लिटर हा ठोकताळा. चौदाव्या दिवशी पाच हजारांना सत्तर लिटर, उकाडा असला तर जास्त. म्हणजे दूध पावडर पावणेदोनशे ग्रॅम. आधी तास-दीड तास पाणी तोडायचं आणि दोन तासांत सगळं पिऊन झालं पाहिजे. ड्रम प्लॅस्टिकचा, त्याला आदल्या दिवशी कुठलंही औषध लावायचं नाही, नुसत्या पाण्याने विसळायचा. लसीनंतर दुसऱ्या दिवशीपर्यंत क्लोरीन नको.

इतर दिवशी मूठ नका टाकू, वजन करा. ताज्या ब्लिचिंग पावडरीत तिसरा हिस्सा क्लोरीन असतं. हजार लिटरला दहा ग्रॅम म्हणजे साधारण तीन पीपीएम (दहा लाख भागांत तीन), तेवढं पुरे. आणि गोणीचं तोंड उघडं ठेवलंत तर महिन्या-दोन महिन्यांत तिच्यात जोर राहत नाही. झाकणाच्या डब्यात, सावलीत ठेवा. पावडर आधी बादलीत कालवून, साका खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची, नाहीतर पक्षी ज्यातून पाणी पितात ते निपल तुंबतात.

---

जनावरांचा डॉक्टर | १९ जुलै, रात्री १०.१५

ताईंनी नेमकं बोट ठेवलं. मी शेडमध्येच अडकलो होतो.

शेडवाले दादा, एक लक्षात घ्या. दोन्ही गोष्टी जुळल्यात. शेडमध्ये विषाणू शिल्लक राहत होता आणि पक्ष्यांना लस लागत नव्हती. एकच दुरुस्त केलं तर अर्धंच काम होईल.

---

तरुण_ब्रॉयलर | २० जुलै, सकाळी ९.००

डॉक्टर, फॉर्मलिनला नाही का म्हणालात? आमच्या गावात दहा शेड आहेत, सगळे तेच वापरतात आणि फरक पडतो.

---

जनावरांचा डॉक्टर | २० जुलै, दुपारी १.४०

फॉर्मल्डिहाइड जंतू मारत नाही असं मी म्हणणार नाही. मारतं, गमबोरोसकट. हॅचरीच्या बंद खोलीत वर्षानुवर्षं वापरलं गेलंय. पण तुमचं शेड उघडं, दोन्ही बाजूंना जाळी आणि पोत्याचे पडदे. धुराला काम करायला बंदिस्त जागा, उबदार हवा आणि दमटपणा लागतो, आणि तासन् तास कोंडून राहावं लागतं. पडद्याच्या फटीतून तो अर्ध्या तासात शेजारच्या घरात जातो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. तोंडाला उपरणं बांधून हे काम करणारी पोरं मी बघतो तेव्हा पोटात कालवतं. कापड वाफ अडवत नाही.

परमँगनेटवर फॉर्मलिन पडलं की क्षणात उकळतं. प्लॅस्टिकची बादली वितळते. माझ्या माहितीतला एक मजूर वाकून बघायला गेला आणि सगळं तोंडावर उडालं. डोळा वाचला, पण महिनाभर दवाखान्यात होता. शेड धुतलेलं नसेल तर धूर वरवरचाच राहतो आणि शेड नीट धुतलेलं असेल तर उघड्या शेडला धुराची गरज पडत नाही. म्हणून नाही म्हणालो.

---

कोकणी परसबाग | २० जुलै, संध्याकाळी ५.२०

आमच्या साठ-सत्तर गावठी कोंबड्या. खुराडं शेणाने सारवतो आणि चुना मारतो. चुन्याबद्दल कोणी लिहाल का? आई म्हणते चुन्यासारखं औषध नाही.

---

सिन्नरचा जुना कुक्कुटपालक | २० जुलै, रात्री ८.४५

आईचं बरोबर आहे, पण चुना ताजा पाहिजे. मी १९९४ पासून या धंद्यात आहे, म्हणून अधिकाराने लिहितो.

कळीचा चुना आणायचा, खडे. पाण्यात विझवायचा, खदखदून उकळतो, तेव्हा लांब उभं राहायचं आणि डोळे सांभाळायचे. निवला की त्याच दिवशी ब्रशने भिंतीला, कोब्याला दोन हात. त्याची सगळी ताकद तिखट क्षारपणात आहे. गोणीतली फक्की वर्षभर हवेला पडली की हवेतला कर्बवायू पिऊन तिचा खडू होतो. दिसायला पांढरं शुभ्र, पण त्याने एक जंतू मरत नाही. शेडवाले दादा, तुमची फक्की कधीची आहे ते बघा.

दुसरं, ओल्या चुन्यावर लगेच क्लोरीन किंवा आयोडिन मारू नका. क्षारात त्यांचा जोर जातो. आधी औषध, ते पूर्ण वाळलं की मग चुना. आणि चुना पूर्ण सुकल्याशिवाय तूस पसरायचं नाही, पिल्लांचे पाय पोळतात.

आणखी एक, जे कोणी लिहिलं नाही. काळे किडे. तुसाखाली, भेगांत तांदळाएवढे काळे भुंगे आणि पिवळ्या अळ्या दिसतात ना? ते मेलेले पक्षी, विष्ठा खातात आणि गमबोरो अंगात घेऊन बसतात. पिल्लू आलं की ते किडा टिपतं. माल उचलला की शेड गार पडतं आणि किडे भिंतीत, भेगांत, पत्र्याखालच्या लाकडात घुसतात. चार दिवसांनी औषध मारून काय उपयोग? माल गेला त्याच संध्याकाळी, खत हलवायच्या आधी, शेड गरम असतानाच भिंतीच्या कडेने कीटकनाशक मारायचं. मग खत काढायचं. भेगा सिमेंटने भरा, हे औषधाच्या खर्चापेक्षा स्वस्त पडतं.

---

घोटीचा शेडवाला | २१ जुलै, सकाळी ७.३०

काका, आत्ता कुदळीच्या टोकाने मधल्या ओळीतली भेग उकरली. हाताच्या ओंजळीत मावणार नाहीत इतके किडे निघाले. आत दोन बॅच आधीचं तूस काळं होऊन बसलंय, खाली ओल. मी वरून चार वर्षं चुना मारत होतो. फक्कीची गोणी गणपतीतली आहे, मागच्या.

किड्यांना मारायची संध्याकाळ तर हातची गेली. तरी आज भेगांत औषध सोडतो आणि मग उकरून काढतो.

---

नवापूरकर | २१ जुलै, दुपारी ३.१०

मी नंदुरबार जिल्ह्यातला, नवापूरचा. फेब्रुवारी २००६ मध्ये देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला तो आमच्याकडे. मी तेव्हा काकांच्या शेडवर कामाला होतो. पांढरे पोशाख घातलेली माणसं शेडमध्ये शिरली ते अजून डोळ्यांसमोर आहे. जे पक्षी धडधाकट होते तेही मारून खड्ड्यात पुरले. शेड कितीतरी महिने रिकामं. रात्री शेडमध्ये आवाज नाही याचीच झोप येत नव्हती. २०२१ ला पुन्हा आला.

डॉक्टरांनी लिहिलंय की बर्ड फ्लूचा विषाणू साबणानेही मरतो. खरं आहे, आम्हालाही तेच शिकवलं. इतका नाजूक विषाणू, आणि त्याने आमचं गाव बुडवलं. कारण तो औषध मारलेल्या शेडमध्ये पायावरून, गाडीच्या चाकावरून, ट्रेवरून, जाळीतून आलेल्या पाखराच्या विष्ठेतून आत येतो. म्हणून दादा, तुम्ही शेड कसं धुता याहून मला तुमच्या दाराची काळजी आहे. ते पाय बुडवायचं पाणी कधी बदलता?

---

घोटीचा शेडवाला | २१ जुलै, रात्री ९.००

खोटं कशाला लिहू. पाऊस नसला तर आठवड्याने. पावसात पन्हाळीचं पाणी त्यातच पडतं.

---

नवापूरकर | २१ जुलै, रात्री ९.४०

मग ते पाणी चिखलाची थाळी झालीय. चिखल असलेला बूट औषधात दोन सेकंद बुडवून काही मरत नाही.

आम्ही २००६ नंतर काय केलं ते सांगतो. दाराच्या आत गुडघ्याएवढी विटांची आडवी भिंत बांधली, बसता येईल अशी. बाहेरची चप्पल भिंतीच्या बाहेर. भिंतीवर बसायचं, पाय आत फिरवायचे आणि आतले गमबूट घालायचे. आतले बूट कधी बाहेर येत नाहीत, बाहेरची चप्पल कधी आत जात नाही. सुपरवायझर असो, खताचा व्यापारी असो, लस द्यायला येणारी टोळी असो, सगळ्यांना तोच नियम. आतल्या बाजूला नळ आणि साबण. पाय बुडवायचं पाणी अजूनही ठेवतो, पण त्याच्या आधी ब्रश आणि पाण्याची बादली. पाणी रोज सकाळी बदलायचं, वर पत्रा.

विटा दोनशे लागल्या.

---

सह्याद्री | २२ जुलै, सकाळी १०.१०

मी पोल्ट्रीवाला नाही. इगतपुरी तालुक्यातच भातशेती आहे. शेडवाले दादा, तुमचं धुतलेलं पाणी कुठे जातं? आमच्या वरच्या बाजूला एक शेड आहे. ते धुतलं की ओढ्याला फेस येतो आणि खेकडे मरून वर येतात. आता वीस पंप मारणार म्हणताय म्हणून विचारलं.

---

जनावरांचा डॉक्टर | २२ जुलै, दुपारी १२.३०

फार बरं केलंत विचारून. ग्लुटराल्डिहाइड, क्वाट, क्लोरीन ही सगळी माशांना आणि खेकड्यांना विषारी. शेडच्या खालच्या अंगाला खड्डा घ्या, दगड-वाळू भरा, पाणी त्यात जिरू द्या. विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब. धुण्याचं पाणी जास्त असतं, औषधाचं कमी. आधी कोरडं खरवडून घेतलंत तर धुण्याचं पाणी निम्म्यावर येतं आणि विष्ठा ओढ्यात जात नाही.

आणि कोणीही, कधीही, ब्लिचिंगमध्ये फरशी धुण्याचं ॲसिड मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो. बंद टाकीखोलीत माणूस जागेवर पडतो.

---

तरुण_ब्रॉयलर | २२ जुलै, संध्याकाळी ६.००

कॉक्सीसाठी यातलं कोणतं चालतं? रक्ती हगवणीने आमचं एफसीआर, म्हणजे किलोभर वजनाला लागणारं खाद्य, बिघडतंय.

---

जनावरांचा डॉक्टर | २२ जुलै, रात्री ८.००

जवळजवळ कोणतंच नाही. कॉक्सीच्या अंड्याचं कवच इतकं जाड असतं की ही औषधं आत शिरत नाहीत. त्याला सुकवणं आणि उष्णता लागू पडते. कोब्यावर फ्लेमगन फिरवायची ती यासाठी. पण सावकाश, एका जागी थोडं थांबत. भरभर फिरवली तर नुसती पिसं जळतात. पडदे, तूस, वायरी आधी बाहेर काढा. बॅच चालू असताना तूस कोरडं ठेवणं हा कॉक्सीचा खरा उपाय, गळकं निपल त्याच दिवशी बदला.

---

घोटीचा शेडवाला | ४ ऑगस्ट, रात्री १०.३०

अडीच आठवड्यांनी येतोय. हात दुखून आलेत, पण लिहायलाच हवं.

सुपरवायझरला सरळ सांगितलं, या वेळी वीस दिवस पिल्लं घेणार नाही. तो थोडा रागावला, मग साहेबांशी बोलला. ८ तारीख दिली.

खताचा ढीग व्यापाऱ्याला फोन करून उचलायला लावला, जागा खरवडली. भेगा उकरल्या, आतली घाण पोत्यात भरून शेतात लांब पुरली, सिमेंट भरलं. मग आधी कोरडं झाडलं, पत्र्याच्या आतून सुरुवात केली. पत्र्याला जाळ्या आणि धूळ इतकी की खाली उभं राहवेना. ही धूळ आजवर मी कधी काढलीच नव्हती, औषध मारायचो ते कमरेच्या खालीच. नुसत्या पाण्याने भिजवलं, तासाभराने पावडरच्या पाण्याने एचटीपी (जोरदार फवाऱ्याच्या) पंपाने वरून खाली, आतल्या टोकाकडून दाराकडे. साध्या पाण्याने दोनदा काढलं. डॉक्टरांनी सांगितलं तसा हात फिरवून बघितला. पहिल्या वेळी निपलखालच्या दोन पट्ट्या बुळबुळीत लागल्या, तेवढ्या परत घासल्या.

वाळवणं सगळ्यात अवघड गेलं. बाहेर मुसळधार. पावसाच्या बाजूचे पडदे खाली, दुसरीकडचे वर, चार पंखे दिवसरात्र आणि संध्याकाळी गॅसचे ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या शेगड्या. तिसऱ्या दिवशी कोब्याचा रंग काळ्याचा राखाडी झाला. सहा वर्षांत ऑगस्टमध्ये हा रंग मी पाहिला नव्हता.

मग ग्लुटराल्डिहाइडचं मिश्रण, लेबलप्रमाणे, एकवीस पंप. हातमोजे, चष्मा आणि वाफेचा मास्क आणला. दोन दिवसांनी ताजा चुना. पाण्याच्या लाइनीत हायड्रोजन पेरॉक्साइड भरून रात्रभर ठेवलं. सकाळी सोडलं तर शेवटच्या टोकाला तपकिरी शेवाळासारखे लोंबकळणारे तुकडे निघाले, बादलीभर. या पाण्यातून मी पक्ष्यांना औषध पाजत होतो. स्वच्छ पाण्याने तीनदा धुतलं.

दाराशी विटांची भिंत बांधली. नवापूरकर, आई येऊन तिच्यावर बसली आणि म्हणाली, हे आधी का नाही सुचलं.

एक अडचण आहे. घोटीच्या गिरणीतून तूस आणलं, वरच्या गोण्या कोरड्या, खालच्या दोन थरांतल्या हाताला गार लागतात. वापरू का?

---

सिन्नरचा जुना कुक्कुटपालक | ५ ऑगस्ट, सकाळी ६.४०

गार लागतात त्या अजिबात नको. ओल्या तुसात बुरशी धरते आणि पहिल्या आठवड्यात पिल्लं तोंड उघडून धापा टाकत मरतात. त्यावर मोरचूद मारून काम भागवतात लोक, तसं करू नका. गिरणीवाल्याला परत करा, तो बदलून देतो.

---

मिरजेची लेयरवाली | ५ ऑगस्ट, सकाळी ८.००

भाऊ, २१ तारखेच्या आसपास लस येईल. १९ ला सकाळी ब्लिचिंगचा डबा घरात आणून ठेवा, टाकीपाशी नकोच.

---

घोटीचा शेडवाला | २ सप्टेंबर, पहाटे ५.५०

आज पंचविसावा दिवस. दिवा घेऊन शेडमध्ये उभा राहून लिहितोय. रात्रीची मर तीन. पक्षी पसरलेत, खातायत. कोपऱ्यात गोळा झालेलं कोणी नाही. अजून आठवडा जाऊ दे, मग बोलतो.

---

घोटीचा शेडवाला | २१ सप्टेंबर, रात्री ९.१५

परवा माल गेला. एकूण मर १६२. त्यातले सत्तर पहिल्या आठवड्यातले, प्रवासात दमलेले. औषधाचा खर्च साडेतीन हजार झाला, पूर्वीपेक्षा जास्त. मजुरी आणि गॅस मिळून आणखी सहा हजार. पण मागच्या वेळी ४१० पक्षी खड्ड्यात घातले होते, ते आठवलं की हा खर्च वाटत नाही.

लसीच्या दिवशी सुपरवायझरला दूध पावडर दाखवली. त्याने फोटो काढून घेतला, त्याच्याकडच्या बाकीच्या शेडवाल्यांना पाठवला.

माल गेला त्या संध्याकाळीच भिंतीच्या कडेने कीटकनाशक मारलं. सकाळी बघितलं तर काळे किडे होते, पण मुठीभर, तेही मेलेले.

काकांना एक विचारायचंय. पडद्याच्या खालच्या कडेला, जिथे ते जमिनीला टेकतात, पोत्याच्या शिवणीत खत बसलंय. घासून निघत नाही. काय करता?

---

सिन्नरचा जुना कुक्कुटपालक | २२ सप्टेंबर, सकाळी ६.३०

शिवण उसवा. खालची वीतभर पट्टी कापून टाका आणि नवीन प्लॅस्टिकची शिवून घ्या. पोतं दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर सगळा पडदाच बदला. उतरवलेले पडदे हौदात रात्रभर भिजत घालून, घासून, दोन दिवस कडक उन्हात दोन्ही बाजूंनी टाका. आता पाऊस उघडतोय, ऊन मिळेल.